मागच्या इंजिनाची साठ वर्षं

1963 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात पोर्शेने जी गाडी मांडली, तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे टांगलेलं होतं. तेव्हा तिचं नाव होतं 901. मधल्या शून्यावर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून पुढच्या वर्षी ते 911 झालं. नाव बदललं, इंजिनाची जागा मात्र रस्त्यावरच्या 911 मध्ये आजही तीच आहे. या गाडीच्या सस्पेन्शनचा सगळा प्रवास त्या जागेशी जुळवून घेण्याचा आहे.

मागे ओझं जास्त झालं की बैलगाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं. इथेही तेच होतं. नाक हलकं असल्यामुळे वळणात शिरताना पुढची चाकं पटकन पकड घेत नाहीत. मग चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. भार झटक्यात पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटतं. एकदा सुटलं की मागचं जड इंजिनच गाडीला गरकन फिरवतं.

कंपनीचा पहिला उपाय अगदी गावठी होता. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी सुमारे 11 किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले. 1969 च्या मॉडेलमध्ये मात्र दुखण्याच्या मुळाला हात घातला गेला. मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली, एका बॅटरीच्या दोन केल्या आणि त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. 911 टिकली ती या 57 मिलिमीटरमुळे, असं मला मनापासून वाटतं.

पुढची दोन दशकं ताकद वाढत गेली, सस्पेन्शनचा मूळ सांगाडा तोच राहिला. 1989 च्या 964 या पिढीत टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. खरा फरक त्यानंतरच्या 993 या पिढीने केला. जुन्या तिरक्या ट्रेलिंग आर्ममुळे वळणात पाय काढताच मागचं चाक किंचित बाहेर वळू पाहायचं आणि सुटणाऱ्या शेपटीला मदतच करायचं. 993 च्या मल्टिलिंक रचनेने ही खोड मोडली.

मग 1999 मध्ये 911 ची ट्रॅककडे झुकलेली आवृत्ती, पहिली जीटी3 आली. रॅलीपटू वॉल्टर र्‍योर्लने तिच्यातून न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ट्रॅकची फेरी 7 मिनिटं 56 सेकंदांत मारली आणि बातमी त्याचीच झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, टो म्हणजे चाकाचं तोंड किंचित आत की बाहेर, गाडीची उंची, वळणात कलणं रोखणारा अँटिरोल बार हे सगळं तिच्यात बदलता येत होतं. कारखान्याने ठरवून दिलेला तोल नंबरप्लेट लावलेल्या गाडीच्या मालकाच्या पान्यापर्यंत पोहोचला.

ट्रॅक डेला पिटमध्ये हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. गाडी आत आली की टायर गार व्हायच्या आधी सुईचा थर्मामीटर घेऊन बसायचं. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, असं प्रत्येक टायरचं तापमान तीन ठिकाणी घ्यायचं. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे. थंड असताना भरलेली हवा काही फेऱ्यांत सहज 5-6 पीएसआय वाढते, म्हणून दाब तपासायचा तो गरम टायरचा. बाहेरची कड तापून खरवडली असेल तर कॅम्बर कमी पडतोय. वळणात बॉडी कलते आणि बाहेरच्या चाकाचा सगळा भार त्याच कडेवर येतो. अशा वेळी खालच्या दोन तुकड्यांच्या आर्ममध्ये शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, घालायची. चाकाचा खालचा भाग बाहेर सरकतो आणि वरचा आत झुकलेला राहतो. शिम घातली की टो बिघडतो, तो लगेच पुन्हा लावून घ्यायचा.

नाक वळत नसेल तर पुढचा अँटिरोल बार एक भोक मऊ करायचा. पण एका वेळी एकच बदल, आणि लगेच दोन-चार फेऱ्या. घाईत तीन गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

नंतर बदल भराभर आले. 2006 मध्ये जीटी3 ला बटणावर कडक-मऊ होणारे डँपर मिळाले. 2013 मध्ये मागची चाकंही वळू लागली. 2021 मध्ये पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आलं. 2022 च्या जीटी3 आरएसमध्ये तर डँपर दाबला जाताना किती कडक आणि परत उघडताना किती, हे पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगवेगळं, स्टिअरिंगवरच्या गोल खटक्यांनी धावत्या गाडीत ठरवता येतं. ज्या बदलासाठी पूर्वी गाडी पिटमध्ये आणावी लागायची, तो आता सरळ पट्ट्यावर दोन बोटांनी होतो. ट्रॅकवर उमेदवारी करणाऱ्याला याचा फार उपयोग आहे. बदल केल्या केल्या पुढच्याच वळणात त्याला फरक कळतो.

कॅम्बरसाठी मात्र आजही गाडी जॅकवर चढवून शिमच घालावी लागते.