कॅमेऱ्याने केलेले आकाशातील मोजमाप : विश्वास केव्हा ठेवावा?

सानपाड्याच्या पश्चिमेस ठाणे खाडी पसरलेली आहे. हिवाळ्यात या खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. तिचा काही भाग 2015 साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला. खाडीच्या आग्नेयेस असलेल्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. मे 2024 मध्ये घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले होते. म्हणून पक्ष्यांची उंची व वेग अचूक ठाऊक असणे, हा माणसे व पक्षी या दोहोंच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कॅमेरा हे त्यासाठी सुलभ साधन खरे. परंतु त्यातून निघणारा प्रत्येक आकडा विश्वसनीय असतोच असे नाही.

कोन आणि अंतर

एकटा कॅमेरा अंतर मोजीत नाही, केवळ कोन टिपतो. दीड मीटर पंखविस्ताराचा रोहित 150 मीटरवर जेवढा दिसतो, तेवढेच 35 मीटर पंखविस्ताराचे विमान साडेतीन किलोमीटरवर दिसते. दर सेकंदास 5 अंश आडवी सरकणारी वस्तू 150 मीटरवर असल्यास तिचा वेग ताशी सुमारे 47 किलोमीटर भरतो. तीच 1,500 मीटरवर असल्यास 470. चित्र एकच, निष्कर्ष मात्र दहापट वेगळा.

दोन कॅमेऱ्यांची पद्धत

खाडीकिनारी 100 मीटर अंतराने दोन कॅमेरे ठेवल्यास त्रिकोणाच्या साह्याने अंतर काढता येते. तथापि 2 किलोमीटरवरील वस्तूबाबत कोनातील एक दशांश अंशाची चूक अंतरात सुमारे 70 मीटरचा फरक पाडते. कॅमेऱ्यांमधील अंतर 500 मीटर केल्यास हा फरक सुमारे 14 मीटरवर येतो. दोन्ही घड्याळे जुळणेही तितकेच आवश्यक आहे. कारण ताशी 250 किलोमीटर वेगाचे विमान एका सेकंदात जवळजवळ 70 मीटर पुढे जाते.

तपासणीचे प्रश्न

असा अहवाल समोर आल्यास चार गोष्टी विचाराव्यात. अंतर कसे ठरविले? घड्याळे कशी जुळविली? ज्याचे स्थान व उंची स्वतंत्र नोंदीवरून ठाऊक आहे अशा विमानावर पद्धत पडताळली काय? आणि संभाव्य चूक किती, हे आकड्यासह नमूद केले आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तो आकडा अंदाज समजावा. त्यावर निर्णय आधारू नये.