तीन घोड्यांवर एक डाव

घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणाऱ्याने एकच घोडा निवडला पाहिजे, असा कोणताही नियम नाही. एकाच शर्यतीतील दोन-तीन घोड्यांवर रक्कम अशा प्रमाणात विभागता येते की, त्यांपैकी कोणताही पहिला आला तरी हाती येणारे पैसे सारखेच असावेत. रेसच्या परिभाषेत या पद्धतीला ‘डचिंग’ म्हणतात आणि हे नाव न्यूयॉर्कमधील कुख्यात गुंड डच शुल्ट्झ याच्यावरून पडले, असे सांगितले जाते.

या पद्धतीचे गणित शालेय अपूर्णांकांपलीकडे जात नाही. बुकी, म्हणजे भाव जाहीर करून डाव स्वीकारणारा व्यावसायिक, एखाद्या घोड्याला ‘दोनास एक’ असा भाव देतो, तेव्हा १०० रुपये लावणाऱ्याला तो घोडा जिंकल्यास २०० रुपये नफा आणि स्वतःचे १०० रुपये मुद्दल, असे एकूण ३०० रुपये मिळतात. म्हणजेच लावलेल्या रकमेची तिप्पट होते. याच हिशेबाने ‘तीनास एक’ भावाच्या घोड्यावर चौपट आणि ‘पाचास एक’ भावाच्या घोड्यावर सहापट रक्कम परत येते. आता या तिन्ही घोड्यांवर मिळून ९०० रुपये लावायचे असतील, तर ते प्रत्येक पटीच्या गुणाकार व्यस्ताच्या, म्हणजे एक तृतीयांश, एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश यांच्या प्रमाणात वाटावे लागतात आणि त्यामुळे वाटे अनुक्रमे ४००, ३०० आणि २०० रुपयांचे पडतात. ४०० ची तिप्पट, ३०० ची चौपट आणि २०० ची सहापट या तिन्ही रकमा १,२०० रुपयेच भरत असल्यामुळे तिघांपैकी कोणीही जिंकला तरी नफा ३०० रुपयांचा होतो आणि चौथाच घोडा पुढे निघून गेला तर ९०० रुपये बुडतात.

या वाटणीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. वरील तीन व्यस्तांची बेरीज पाऊण, म्हणजे ७५ टक्के आहे आणि त्याचा अर्थ असा की, तीन घोड्यांचा हा डाव प्रत्यक्षात एकाच घोड्यावरचा, तीन रुपये लावून एक रुपया नफा देणारा डाव आहे. तिघांपैकी एक जिंकण्याची खरी शक्यता ७५ टक्क्यांहून अधिक असेल तरच तो दीर्घकाळात फायद्याचा ठरतो. ती ८० टक्के असेल तर असे प्रत्येक ९०० रुपये सरासरीने ९६० होतात आणि ७० टक्के असेल तर ८४० उरतात. वाटणीमुळे ही सरासरी तसूभरही सुधारत नाही, कारण एकत्रित डावाचा फायदा-तोटा म्हणजे सुट्या डावांच्या फायद्या-तोट्यांची निव्वळ बेरीजच असते. समजा, ‘पाचास एक’ भावाचा तिसरा घोडा जिंकण्याची खरी शक्यता १० टक्केच आहे, तर त्याच्यावर लावलेल्या २०० रुपयांतून सरासरीने १२० रुपयेच परत येतात आणि उरलेले ८० रुपये ही वारंवार हरण्याच्या मनस्तापापासून वाचण्यासाठी भरलेली, बरीच महागडी, विम्याच्या हप्त्यासारखी रक्कम ठरते. डचिंगचे समर्थक अवघड निवड टळल्याचे समाधान मानतात, पण निवड टळत नाही, केवळ एकाऐवजी तीन घोड्यांचे मूल्यमापन करावे लागते.

हेच गणित उलट्या बाजूने पाहिले की बुकीचा धंदा उलगडतो. पाच घोड्यांच्या एखाद्या शर्यतीत परताव्याच्या पटी दोन, चार, पाच, आठ आणि दहा असतील, तर त्यांच्या व्यस्तांची बेरीज ११७.५ टक्के होते. म्हणून पाचही घोड्यांवर योग्य प्रमाणात मिळून १,१७५ रुपये लावणाऱ्याला कोणताही घोडा जिंकला तरी १,००० रुपयेच मिळतात. शंभराच्या वरचे हे साडेसतरा टक्के म्हणजे बुकीने भावांतच मुरवलेली कमाई होय. वेगवेगळ्या बुकींच्या भावांत तफावत पडून ही बेरीज क्वचित शंभराच्या खाली आली, तर सर्व घोड्यांवर पैसे वाटून निश्चित नफा घेता येतो. मात्र अशी संधी चटकन टिपली जाते आणि भाव लगेच बदलतात.

भाव आधी ठरलेला नसेल तर मात्र सारा हिशेब डळमळतो. टोटच्या व्यवस्थेत सर्वांचे पैसे एका निधीत जमा होतात, त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. त्यामुळे अंतिम परतावा खिडकी बंद झाल्यावरच कळतो आणि डचिंगचे प्रमाण अंदाजानेच ठरवावे लागते. शेवटच्या क्षणी लागलेल्या पैशांनी टोटचे आकडे हलतात, ही गोष्ट शुल्ट्झचा हिशेबनीस ऑटो बर्मन याने चांगलीच हेरली होती. न्यूयॉर्कमधील बेकायदा आकड्यांच्या जुगारात विजयी आकडा टोटच्या बेरजांवरून काढला जात असे आणि लोकांनी ज्यावर जास्त पैसे लावले तो आकडा येऊ नये, म्हणून बर्मन ऐनवेळी रेसकोर्सवर पैसे लावून त्या बेरजा बदलत असे. ऑक्टोबर १९३५ मध्ये न्यू जर्सीतील नेवार्क येथे शुल्ट्झ आणि बर्मन दोघेही गोळीबारात मारले गेले.

महाराष्ट्रात या गणिताचे कायदेशीर क्षेत्र मर्यादित आहे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने डाव लावण्यावर निर्बंध असले तरी परवानाधारक रेसकोर्सच्या आवारात त्याला मुभा आहे. मुंबईच्या महालक्ष्मी येथे हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यतींचा मोसम चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तमिळनाडूतील प्रकरणात, घोड्यांच्या शर्यती हा केवळ नशिबाचा नव्हे तर प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. करव्यवस्थेने मात्र तो जुगाराच्याच रांगेत बसवला आणि डावाच्या संपूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के जीएसटी लावला, जो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. नफ्याऐवजी लावलेल्या रकमेवरच कर बसत असल्यामुळे त्याचा सर्वाधिक फटका डचिंगलाच बसतो, कारण या पद्धतीत मोठी रक्कम गुंतवून लहान नफा मिळवायचा असतो. वरच्या उदाहरणातील ९०० रुपयांवर २८ टक्के कर वेगळा भरल्यास खर्च १,१५२ रुपये होतो आणि जिंकल्यावर ४८ रुपये उरतात. ४० टक्के दराने खर्च १,२६० रुपयांवर जातो, म्हणजे निवडलेल्या तिघांपैकी एक घोडा पहिला येऊनही ६० रुपयांचा तोटाच होतो.