ज्योतीवरचा गारवा

शेगडीच्या ज्योतीवर पाणी उकळते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच ज्योतीवर बर्फ होतो म्हटले की ऐकणारा हसतो. परंतु १९२२ साली स्टॉकहोममधील प्लाटेन आणि मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी असा फ्रीज बनविला. त्यात कॉम्प्रेसर नसतो. पाण्यात विरघळलेला अमोनिया आचेने वायुरूप होऊन वर जातो, निवून द्रव होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडताना कपाटातील उष्णता ओढून घेतो. परदेशातील फिरत्या घरगाड्यांत हा फ्रीज आजही असतो. गाडी तिरपी उभी केली की मात्र तो रुसतो, कारण द्रव ढकलायला पंप नाही.

आता आम्हा वाणिज्यवाल्यांचा हिशेब. शंभरेक लिटरच्या अशा फ्रीजला दिवसाला साधारण पाव ते अर्धा किलो गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोचे सिलिंडर एक-दोन महिन्यांत रिकामे. तोच फ्रीज विजेच्या हीटरवर चालविल्यास रोज तीनेक युनिटे. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज युनिटभरात भागवतो. गारव्यासाठी त्याला उष्णता निर्माण करावी लागत नाही, नुसती बाहेर टाकावी लागते.

पण ठाणाकुशनूरसारख्या गावी करंट गेला तर? दूध विरजण लावून वाचविता येते, लसीचे काय? तिला २ ते ८ अंश सेल्सिअसच हवे. म्हणून आरोग्य केंद्रांत बर्फाचे अस्तर असलेले फ्रीज ठेवतात. दिवसात ८ तास वीज मिळाली तरी ते गारवा धरून राहतात. माझ्या मते आपल्याकडे हेच बरे. गॅसची ज्योत बंद खोलीत रात्रभर जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइडचे भय, ते निराळेच.