मुंबई–लंडन : अंतर आणि काल

मराठीतील ‘अंतर’ हा शब्द दोन स्थळांमधील लांबी, दोन घटनांमधील काळ आणि दोन गोष्टींमधील फरक अशा तिन्ही अर्थांनी वापरला जातो. लांबी आणि काळ यांची ही जवळीक जुन्या मापांतही आढळते. ‘कोस’ हा ‘क्रोश’ या संस्कृत शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ हाक असा आहे. म्हणजे हाक ऐकू जाईल तेवढी वाट. ‘योजन’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूपासून झालेला आहे. ‘मजल’ हा अरबीतून आलेला शब्द मूळचा मुक्कामाचा वाचक होय. विमानप्रवासात मात्र हे अर्थ वेगळे करून पाहावे लागतात. मुंबई–लंडन हा मार्ग त्याचे चांगले उदाहरण आहे.

पृथ्वीच्या पृष्ठावरून मोजल्यास या दोन नगरांमधील किमान अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. मुंबई लंडनच्या दक्षिणेस ३२ अंशांहून अधिक आहे. तथापि लंडनहून निघणारा सर्वांत जवळचा मार्ग आरंभी जवळजवळ थेट पूर्वेस जातो व पुढे दक्षिणेकडे वळतो. गोलाचा पृष्ठभाग सपाट नकाशावर आणला म्हणजे असा मार्ग बहुधा वक्र दिसतो. प्रत्यक्ष विमानमार्ग मात्र वारे आणि हवाई हद्दींवरील निर्बंध यांमुळे याहून लांब पडतो. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान तर कैरो व जिनिव्हा येथे थांबून लंडनला गेले होते.

आता काळाचा विचार करू. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले आणि लंडनच्या सायंकाळी ६ वाजता तेथे उतरले. परतीचे विमान लंडनहून रात्री ९ वाजता निघून दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सकाळी ११.३० वाजता पोहोचले. घड्याळे पाहणाऱ्यास जाण्याचा प्रवास ४ तासांचा व येण्याचा साडेचौदा तासांचा वाटेल. परंतु हिवाळ्यात भारतीय वेळ लंडनच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते. हा फरक पहिल्या आकड्यात मिळवला आणि दुसऱ्यातून वजा केला, की खरे उड्डाणकाल अनुक्रमे साडेनऊ व नऊ तास निघतात. उन्हाळी वेळ लागू असताना हाच फरक साडेचार तासांचा असतो.

उरलेल्या अर्ध्या तासाचे कारण काय? पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानास गंतव्य स्थान आपोआप जवळ येते, अशी एक समजूत आहे. ती खरी असती, तर लंडनला जाण्याचाच प्रवास कमी वेळाचा झाला असता. वस्तुतः वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतून उडते. फरक पडतो तो वाऱ्यांमुळे. सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पूर्वेकडे येणाऱ्या विमानास ते साहाय्यक होतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यास अडवतात.

तात्पर्य, किलोमीटर स्थिर राहतात, तास वाऱ्यानुसार बदलतात आणि घड्याळांतील फरक मानवी संकेतावर अवलंबून असतो. ‘लंडन किती अंतरावर आहे?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी यांपैकी कोणते अंतर अभिप्रेत आहे, हे ठरविणे म्हणूनच आवश्यक ठरते.