आईच्या दुधात विष येते कुठून?

‘आईच्या दुधात विषारी रसायने सापडली’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरू लागली की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : तू खाल्लेस काय? पाठोपाठ सल्लाही तयार असतो : अंगावरचे पाजणे बंद कर, पावडरचा डबा आणा. प्रश्नही चुकीचा आणि सल्लाही चुकीचा.

कॅनडातील क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा बर्फाळ प्रदेश आहे. तिथे इन्युइट आदिवासी राहतात. ना कारखाने, ना फवारणीची शेती. म्हणून १९८०च्या दशकात संशोधकांनी ‘स्वच्छ’ नमुना समजून तिथल्या मातांचे दूध तपासले. निघाले उलटेच. ‘पीसीबी’ या रसायनाचे प्रमाण दक्षिण क्युबेकमधील मातांपेक्षा सुमारे पाचपट होते.

पीसीबी विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरले जाई. ते सहजासहजी नष्ट होत नाही. वाऱ्याबरोबर आणि समुद्राच्या प्रवाहाबरोबर ते उत्तरेकडे गेले. ते पाण्यात नाही, चरबीत विरघळते. सूक्ष्म जीवांतून माशांत, माशांतून सील आणि देवमाशांत साठत गेले आणि दर पायरीला त्याचे प्रमाण वाढले. इन्युइट लोकांचा पारंपरिक आहारच हा. आईच्या शरीरात वर्षानुवर्षे साठलेले पीसीबी दुधातील चरबीबरोबर बाळाकडे जाते. नफा एकाचा, विष दुसऱ्याच्या ताटात. पर्यावरणीय अन्याय म्हणतात तो हाच.

धातूंचे गणित थोडे वेगळे आहे. शरीरातले बहुतेक शिसे हाडांत साठते. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हाडांतले कॅल्शियम वापरले जाते, तेव्हा हे शिसेही रक्तात उतरते. म्हणून आईला पुरेसे कॅल्शियम मिळणे महत्त्वाचे आहे. आर्सेनिक मात्र दुधात फारच कमी उतरते. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त पाणी पिणाऱ्या मातांच्या दुधातही त्याचे प्रमाण कमीच आढळले. त्याच पाण्यात पावडर कालवली तर मात्र आर्सेनिक थेट बाळाच्या पोटात जाते. म्हणजे डबा आणला की बाळ सुरक्षित झाले, हा समज खोटा आहे.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोगप्रतिकारक घटक, पोषण आणि अतिसारापासून संरक्षण हे फायदे मोठे आहेत. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला बंदी आहे. भीतीच्या बातम्यांचा फायदा घेऊन कुणी डबे खपवत असेल, तर कार्यकर्त्यांनी हा कायदा दाखवावा.

मग उपाय काय? स्वीडनने दाखवला आहे. स्टॉकहोममध्ये १९७२पासून मातांच्या दुधाचे नमुने तपासले जात आहेत. डीडीटी आणि पीसीबीवर निर्बंध आल्यानंतर दुधातील त्यांचे प्रमाण घटत गेले. त्याच नमुन्यांत आग रोखण्यासाठी फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत घातली जाणारी रसायने मात्र १९९७पर्यंत दर पाच वर्षांनी दुप्पट होताना दिसली. २००४मध्ये युरोपीय संघाने त्यांतील दोन प्रमुख मिश्रणांवर बंदी घातली. तिथे मातांना दूध पाजणे थांबवा असे सांगितले नाही. दूध तपासले आणि विष थांबवले.

भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९मध्ये बंद झाला. चिवट विषारी रसायनांवरील स्टॉकहोम करार भारताने २००६मध्ये स्वीकारला. या करारात आईच्या दुधाची तपासणी हा प्रदूषण मोजण्याचा एक प्रमुख मार्ग मानला आहे. त्यामुळे आपली मागणीही नेमकी हवी : दुधाची नियमित तपासणी करा, निष्कर्ष जाहीर करा, वस्तीतल्या बोअर-विहिरींचे पाणी तपासा, फवारणी करणाऱ्या मजुरांना मालकाने संरक्षक साधने द्यावीत, गरोदर स्त्रीला फवारणीच्या कामाला लावू नये.

आईला जाब विचारून दूध शुद्ध होत नाही. जाब विचारायचा तो विष बनवणाऱ्याला आणि त्याला परवानगी देणाऱ्याला.