एकाच कॉलेजातून निघालेले नेते, आणि बंद पडलेली कॉलेजची निवडणूक. नेमकं प्रकरण काय?

निवडणुकीचा निकाल लागला की पारावर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "राजकारण म्हणजे घराण्याचं काम. आपल्या पोराला तिथं कोण विचारतंय?" बोलणं खोटं नाही. पण आपल्या राज्यात एक वाट अशी होती की जिच्यावरून साध्या घरातली पोरं थेट मंत्रालयापर्यंत गेली. ती वाट कॉलेजातून जात होती. एकाच कॉलेजात, एकाच विद्यार्थी संघटनेत भेटलेली पोरं पुढं राज्याचे नेते झाली. ती वाट कशी होती, कुठं अडली आणि कायदा आज काय सांगतो, ते सोप्या भाषेत बघूया.

अंबाजोगाईचे दोन दोस्त

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण बीड जिल्ह्यातलं आहे. गोपीनाथ मुंडे 1949 साली परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावात शेतकऱ्याच्या घरात जन्मले. प्रमोद महाजन त्याच वर्षी जन्मलेले. वडील शिक्षक, आणि वाढले अंबाजोगाईत. दोघांची गाठ पडली अंबाजोगाईच्या कॉलेजात. दोघं अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचं काम करू लागले. आणीबाणीत दोघंही तुरुंगात गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मुंडे 1980 साली रेणापूरमधून आमदार झाले, मग विरोधी पक्षनेते, आणि 1995 साली उपमुख्यमंत्री. महाजन दिल्लीत केंद्रीय मंत्री झाले. दोस्तीचं नातंही झालं, महाजनांची बहीण मुंडेंच्या घरात सून म्हणून आली. महाजन 2006 मध्ये गेले, मुंडे 2014 मध्ये. पण मराठवाड्यात भाजप कुणी उभा केला असं विचारलं तर आजही ही दोन नावं जोडीनंच घेतली जातात.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी. दोघांच्याही घरात आधी कुणी आमदार-खासदार नव्हतं. साखर कारखाना नव्हता, शिक्षण संस्था नव्हती. ओळखी झाल्या, भाषण करायची सवय लागली, चार माणसं जमवायची कशी हे कळलं, ते सगळं कॉलेजच्या वयात.

कॉलेज एक, पक्ष दोन

मुंडे पुढं कायदा शिकायला पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात गेले. लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुखही त्याच कॉलेजातून वकील झाले. देशमुख काँग्रेसचे, मुंडे भाजपचे. देशमुख आधी गावचे सरपंच झाले आणि मुंडेंसारखेच 1980 साली पहिल्यांदा विधानसभेत आले. पुढं ते दोन वेळा मुख्यमंत्री झाले. सभागृहात आणि सभेत दोघं एकमेकांवर तुटून पडायचे, आणि बाहेर त्यांच्या मैत्रीचे किस्से सगळ्या महाराष्ट्रात सांगितले जायचे.

शरद पवारांचं राजकारणही पुण्याच्या बीएमसीसी कॉलेजातल्या विद्यार्थी चळवळीतून सुरू झालं. 1967 साली ते बारामतीचे आमदार झाले.

नंतरच्या पिढीत नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस नागपूरच्या विद्यार्थी परिषदेतून आले. विनोद तावडे आणि चंद्रकांत पाटील हेही परिषदेतलेच. चंद्रकांत पाटील गिरणी कामगाराच्या घरातले, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याचे. 2014 साली फडणवीस मुख्यमंत्री झाले तेव्हा तावडे आणि पाटील त्यांच्या मंत्रिमंडळात होते. म्हणजे कॉलेजच्या वयात एकाच संघटनेच्या झेंड्याखाली काम केलेली माणसं पुढं राज्याच्या मंत्रिमंडळात एकत्र बसली.

काँग्रेसची एनएसयूआय, डाव्यांची एसएफआय आणि एआयएसएफ, समाजवाद्यांचं युवक क्रांती दल, यांनीही अशीच माणसं घडवली. कोणता पक्ष चांगला, कोणता वाईट, हा आजचा विषय नाही. विषय आहे तो वाटेचा.

पाटण्यात तर एकच पॅनेल

या विषयातलं देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बिहारचं आहे. 1973 साली पाटणा विद्यापीठात विद्यार्थी संघाची निवडणूक झाली. अध्यक्ष निवडून आले लालूप्रसाद यादव, सरचिटणीस झाले सुशीलकुमार मोदी, आणि त्यांच्या हाताखाली सहसचिव म्हणून होते रविशंकर प्रसाद. नितीशकुमार त्याच काळात पाटण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थी नेते होते.

1974 साली महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध बिहारच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन उभं केलं. जयप्रकाश नारायण त्याचे नेते झाले. ही सगळी पोरं त्यात होती. लालू गोपाळगंज जिल्ह्यातल्या फुलवरिया गावच्या गरीब घरातले. 1977 साली ते खासदार झाले आणि 1990 साली मुख्यमंत्री.

मग काय झालं? एका पॅनेलमधली ही माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. 1996 साली चारा घोटाळ्याची चौकशी व्हावी म्हणून जे लोक पाटणा हायकोर्टात गेले, त्यात सुशीलकुमार मोदी होते. 2005 साली नितीशकुमार मुख्यमंत्री झाले, सुशील मोदी उपमुख्यमंत्री, आणि लालू विरोधात. बिहारचं राजकारण तीस-पस्तीस वर्षं याच दोन-चार कॉलेज मित्रांच्या भोवती फिरत राहिलं.

तेव्हा हेही समजून घ्या. एका कॉलेजातले म्हणून सगळे एकमेकांना सांभाळूनच घेतात असं काही नाही. पण ओळख, हिंमत आणि पहिला अनुभव कॉलेजातच मिळतो, हे खरं.

मग आपल्याकडं निवडणूक बंद का झाली?

वर ज्यांची नावं घेतली, ती आपल्या राज्यातली सगळी मंडळी 1994 च्या आधी कॉलेजात होती. तोवर महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका व्हायच्या. जीएस, युआर ही पदं त्या वेळच्या पोरांच्या तोंडी असायची.

पण त्या निवडणुकीला वाईट वळणही लागलं होतं. बाहेरचे पुढारी पैसा ओतायचे. मतदार पोरांना पळवून नेणं, हाणामाऱ्या, धमक्या असे प्रकार व्हायचे. 1989 साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. राज्यभर ओरड झाली. आईबापांचं म्हणणं सरळ होतं, पोरगं शिकायला पाठवलंय, मारामारीला नाही. अखेर थेट निवडणुका थांबल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं नवीन पद्धत आणली.

ती पद्धत अशी होती. प्रत्येक वर्गातून मागच्या परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क पडलेला विद्यार्थी वर्ग प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून एकेक जण. या निवडक मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. बाकीच्या हजारभर पोरांना मत नाही.

म्हणून आज जे पन्नाशीच्या आतले आहेत, त्यांनी कॉलेजची निवडणूक पाहिलेलीच नाही. माझ्या बॅचचंही तेच. सर वर्गात यायचे, एक नाव वाचून दाखवायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो, झालं. त्या हुशार पोरालाही आपण नेमकं काय करायचं ते ठाऊक नसायचं. त्याला मार्क मिळाले होते, मतं नव्हती.

संघटना आहेत की, मग नुकसान काय?

कुणी म्हणेल, विद्यार्थी संघटना आजही आहेत, निवेदनं देतात, मोर्चे काढतात. बरोबर आहे. पण फरक मोठा आहे.

निवडणूक असेल तर ज्याच्यामागं कुणी नाही तो पोरगाही अर्ज भरू शकतो. चार मित्र गोळा करून, होस्टेलच्या खोल्या फिरून निवडून येऊ शकतो. निवडून आला की पक्ष त्याच्या दारात येतात. निवडणूक नसेल तर उलटं होतं. पद पक्ष देतो, आणि पक्ष देतो म्हणजे बहुतेक वेळा तिथला पुढारी देतो. मग पद जातं पुढाऱ्याच्या पोराला, पुतण्याला, नाहीतर गाडीमागं फिरणाऱ्याला. बाकीच्यांच्या वाट्याला झेंडे, बॅनर आणि वाढदिवसाचे फोटो.

गावात दुसऱ्या वाटा आहेत, नाही असं नाही. ग्रामपंचायत आहे, सोसायटी आहे, दूध संघ आहे, जिल्हा परिषद आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील 'कमवा आणि शिका'मधून शिकले, जिल्हा परिषदेतून वर आले आणि उपमुख्यमंत्री झाले. पण सोसायटी आणि दूध संघात कुणाचं घर बसलंय ते तुम्हीच सांगा. वीस वर्षांच्या पोराला, त्यातही पोरीला, तिथं उभं कोण राहू देतं?

आणि नेते घडायचं सोडा, रोजचा प्रश्न बघा. एसटी वेळेवर येत नाही म्हणून पहिला तास बुडतो. महाडीबीटीवरची स्कॉलरशिप अडकते. होस्टेलचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, उशिरा लागणारा निकाल. यावर प्राचार्यांशी किंवा विद्यापीठाशी हक्कानं बोलणारं, सगळ्यांनी निवडून दिलेलं माणूस कोण? कुणीच नाही.

आजचा कायदा काय म्हणतो?

इथं बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 साली झाला आणि 1 मार्च 2017 पासून लागू झाला. त्यात थेट निवडणूक पुन्हा आणली आहे. तेव्हा उच्च शिक्षणमंत्री होते विनोद तावडे, म्हणजे स्वतः विद्यार्थी चळवळीतून आलेले. या कायद्याप्रमाणं कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी हे विद्यार्थ्यांच्या मतानं निवडायचे. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधीही मतानंच. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, जागा आहे.

2019 साली विद्यापीठांनी वेळापत्रकही काढलं. पोरं तयारीला लागली. पण विधानसभेची निवडणूक आली आणि हा कार्यक्रम पुढं ढकलला गेला. मग कोरोना आला. विषय मागं पडला तो पडलाच.

मारामारीची भीती? त्यासाठी नियम आहेत

पैसा आणि गुंडगिरी पुन्हा येईल ही भीती रास्त आहे. पण त्यावर उपायही लिहून ठेवलेला आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं नियम सुचवले आणि 2006 साली सुप्रीम कोर्टानं ते लागू करायला सांगितलं. त्यातले मुख्य असे :

- एका उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त 5,000 रुपये.
- छापील पोस्टर, पत्रकं बंद. हातानं लिहिलेलंच चालेल.
- पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22.
- हजेरी किमान 75 टक्के. विषय राहिलेला नको.
- गुन्ह्याची नोंद असलेल्याला उभं राहता येणार नाही.
- पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं. म्हणजे दहा वर्षं कॉलेजात मुक्काम ठोकणारा 'दादा' आपोआप बाहेर.
- अर्जापासून निकालापर्यंत सगळं 10 दिवसांत उरकायचं.

पाटणा विद्यापीठाच्या निवडणुकाही मध्ये बंद पडल्या होत्या. तिथं 28 वर्षांनी, 2012 साली त्या पुन्हा सुरू झाल्या. दिल्ली विद्यापीठातही होतात. तिथं गडबड होत नाही असं मी म्हणणार नाही, पैसा तिथंही दिसतो. पण गडबड ग्रामपंचायतीलाही होते. म्हणून आपण ग्रामपंचायतीचं मतदान बंद करून दहावीला जास्त मार्क पडलेल्याला सरपंच करत नाही.

आपण काय करू शकतो?

तुमचं पोरगं किंवा पोरगी कॉलेजात असेल तर आधी एवढं विचारा : तुमच्या कॉलेजात विद्यार्थी परिषद आहे का? सदस्य कोण? ते ठरवले कुणी? वर्षात बैठका किती झाल्या? अनुदानित कॉलेज असेल तर ही माहिती लेखी अर्ज करून माहिती अधिकारातही मागता येते, 10 रुपयांच्या शुल्कात. पुढच्या वेळी आमदार मतं मागायला किंवा सत्काराला गावात आले, तर रस्ता आणि डीपीसोबत हाही प्रश्न टाका : 2016 च्या कायद्यातलं कॉलेजचं मतदान आमच्या तालुक्यात कधी होणार?

अठरा वर्षांचं पोरगं देशाचा पंतप्रधान ठरवायला मत देतं. त्याच पोराला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायला मात्र मत नाही. हे कोणत्या हिशोबात बसतं, एवढंच त्यांना विचारा.