टेबलावर वेगळेच काही निघाले तर?

नसबंदी न झालेल्या प्रौढ कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, तो बहुधा माज येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत. ती खाणे सोडते, पाणी मात्र सारखे पिते. अंडाशयांसकट गर्भाशय काढून टाकणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय; पण तोवर रक्तात विष भिनलेले असते आणि भूल द्यायची असते ती अशा शरीराला. संमतीपत्र मालकापुढे येते ते नेमके याच घटकेला, आणि बरेचदा त्यात ‘परिणामांस दवाखाना जबाबदार राहणार नाही’ यापलीकडे फारसे काही नसते. याला संमती म्हणायला माझी तयारी नाही. हलगर्जी झाली तर असे वाक्य डॉक्टरांनाही वाचवत नाही. धोका किती, दुसरा मार्ग कोणता, काहीच केले नाही तर काय होईल, हे कळल्यावर दिलेला होकार तेवढा खरा.

‘भुलीचा धोका असतोच’ हे सगळ्यांना सरसकट सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत दोन हजारांत एक, तर आजारी कुत्र्यांत साधारण पंचाहत्तरात एक निघाले. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण दोन्हींमधली दरी महत्त्वाची. आकडे ऐकून मालक घाबरेल आणि कुत्री घरी घेऊन जाईल, असे काही डॉक्टरांना वाटते. मग शस्त्रक्रिया न करण्याचा धोकाही त्याच दमात सांगावा : पू झालेले गर्भाशय तसेच ठेवले तर ती बहुधा वाचत नाही. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ म्हणणाऱ्यांना डॉक्टरांनी आपले मत जरूर द्यावे. मात्र खर्च किती झेपेल आणि नंतरची शुश्रूषा कोण करील, हे घरच्यांखेरीज कोणी ठरवू शकत नाही.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न पोट उघडल्यानंतरचा आहे. माणसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्याला लागू होत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी थांबताच येणार नाही अशा वेळेचा. जनावरांच्या दवाखान्यातही हे तत्त्व पाळायला हवे. प्लीहेची गाठ काढायला घेतली आणि ती यकृतात पसरलेली दिसली, तर पुढे जायचे, पोट शिवून टाकायचे, की भुलीतच दयामरण द्यायचे? उत्तर आधीच लिहून ठेवावे, नाहीतर मालकाने फोनजवळ थांबावे. वेळ नसतो, हा आक्षेप तातडीच्या शस्त्रक्रियेत खरा आहे, पण एवढे विचारायला दोन मिनिटे पुरतात. तार गिळलेल्या गायीला उभी ठेवून, डावी भकाळी बधिर करून कोठीपोट उघडतात. तार जाळीपोटातून हृदयाच्या आवरणात घुसली असेल, तर ती काढूनही गाय वाचण्याची आशा कमी. खर्चासाठी उसनवारी करणाऱ्या शेतकऱ्याला हे चिरण्याआधी कळायला हवे.

त्याच ब्रिटिश पाहणीत दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी शस्त्रक्रियेनंतर गेली, त्यांतली बरीच पहिल्या तीन तासांत. म्हणून त्या तासांत जनावराजवळ कोण बसेल आणि दवाखाना रात्री बंद होत असेल तर ते कुठे ठेवले जाईल, याची ओळही संमतीपत्रात असावी, आणि ती नसेल तर मालकाने सहीपूर्वी विचारावे.